अस्सलावर मात करणारी नक्कल

‘परदेशी चित्रपटाची नक्कल’ हे शब्द आपण शिवीसारखे वापरतो, आणि बहुतेक वेळा ती शिवी रास्तच असते. कथा उचलायची, नावे बदलायची, चार गाणी घालायची की झाले काम! पण म्हणून प्रत्येक रूपांतर मुळापेक्षा हिणकसच असणार, हे मात्र मला मान्य नाही. व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा ‘पिंजरा’ हा माझा पुरावा. जर्मन ‘ब्लू एंजल’पेक्षा तो सरस आहे असे म्हटले की आमचे फिल्म सोसायटीवाले मित्र कपाळाला आठ्या घालतात. घालोत बापडे.

मूळ कथा हाइन्रिख मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीची. तिच्यावरून जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी १९३० साली चित्रपट केला. एमिल यानिंग्ज त्यात प्राध्यापक राट झाले आणि मार्लिन डीट्रिश नर्तकी लोला. विद्यार्थी रात्री कुठे जातात हे पाहायला राट त्या नाचगाण्याच्या अड्ड्यावर जातो, लोलावर लुब्ध होतो, नोकरी गमावतो, तिच्याशी लग्न करतो आणि अखेर तिच्याच मंडळीत विदूषक होतो. स्वतःच्याच गावच्या रंगमंचावर त्याला कोंबड्यासारखे आरवावे लागते. त्या रात्री तो आपल्या जुन्या वर्गात जाऊन टेबलाला मिठी मारतो आणि प्राण सोडतो. प्रसंग अविस्मरणीय आहे, यात शंका नाही. हॉलिवूडने १९५९ साली हीच कथा पुन्हा काढली, तेव्हा शेवट गोड करून तिची पार माती केली.

पण राटबद्दल विचारावेसे वाटते: तो पडला, म्हणजे नेमका कुठून पडला? पहिल्याच दृश्यापासून विद्यार्थी त्याची टर उडवतात, त्याच्या नावाचा अपभ्रंश करून त्याला ‘घाण’ म्हणतात. गावाला त्याची भीती असेल, प्रेम मुळीच नाही. त्याच्याबरोबर फक्त त्याचा ताठा कोसळतो.

शांताराम, पटकथाकार अनंत माने आणि संवाद लिहिणारे शंकर पाटील या तिघांनी ही उणीव बरोबर हेरली. त्यांचे मास्तर शहरातले नाहीत. ते खेड्यातले, गावाने देवासारखे मानलेले. त्यांच्या शब्दावर गाव चालते, त्यांच्याच शब्दावर तमाशाचा फड गावाबाहेर काढला जातो. आणि तेच मास्तर त्या फडातल्या चंद्रकलेच्या पायी घसरतात. डॉ. श्रीराम लागूंचा हा पहिला चित्रपट, हे आज सांगूनही खरे वाटत नाही.

पुढची कलाटणी मुळात नाहीच. एक खून होतो, प्रेताचा चेहरा ओळखू येत नाही आणि त्याच्या अंगावर मास्तरांचे कपडे असतात. मास्तर गेले असे समजून गाव शोक करते, त्यांचा पुतळा उभारते. इकडे जिवंत मास्तर फडाबरोबर गावोगाव हिंडत पडेल ते काम करीत असतात. अखेर ते पकडले जातात, तेही कोणत्या आरोपावरून? तर मास्तरांचा, म्हणजे स्वतःचाच, खून केल्याच्या! खरे बोलावे तर जीव वाचतो, पण पुतळा कोसळतो आणि त्याबरोबर गावाने त्यांच्याकडून घेतलेले सारे काही. मास्तर गप्प राहतात.

‘पिंजरा’त दोष नाहीत असे नाही. संध्याबाईंचा अभिनय पुष्कळदा नृत्यातून बाहेरच येत नाही, आणि डीट्रिशच्या त्या बेफिकीर थंडपणापुढे चंद्रकलेची सूडाची प्रतिज्ञा नाटकी वाटते. लोला कुणाचा सूड घेत नाही. ती जशी आहे तशी असते, आणि म्हणूनच अधिक भयंकर वाटते. याहून मोठा आक्षेप असा की जगदीश खेबुडकरांच्या लावण्या आणि राम कदमांचे संगीत यांच्यावर चित्रपट घरोघर पोचला, आणि वर तमाशालाच पिंजरा म्हणून मोकळा झाला. ज्या कलेच्या जिवावर पोट भरले तिलाच बदनाम करणे हा मराठी पांढरपेशांचा जुना रोग आहे.

तरीही पारडे ‘पिंजरा’कडेच झुकते, ते त्या मौनामुळे. नियतकालिकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना हेही सांगायला हवे की शांताराम कोल्हापूरचे असले, तरी उमेदवारीच्या वयात त्यांनी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात आणि तिथल्याच एका सिनेमागृहात काम केले होते. खेड्यापाड्यातला प्रेक्षक पडद्यासमोर बसून कशाने गहिवरतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मास्तरांनी केले ते बरोबर की चूक, यावर आम्हा बडोदेकरांत एकमत होत नाही. समाहून फत्तेगंजमार्गे सयाजीबागेकडे जाताना काळ्या घोड्यावरचे सयाजीराव दिसतात. त्यांच्याविषयी कुणी काही उणे काढले तर आम्ही लगेच तापतो, मग ते खरे आहे की नाही हे नंतर पाहतो! माझे मत विचाराल तर मास्तरांनी बोलायला हवे होते. खोट्या मरणावर उभ्या राहिलेल्या पुतळ्यापेक्षा घसरलेला पण खरे बोलणारा शिक्षक विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी पडला असता. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी नेमकी याच्या उलट बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे: ज्या मुलांनी त्या पुतळ्याकडे पाहून दारू सोडलेल्या बापाचे घर पाहिले, त्यांना कुठल्या तोंडाने सत्य सांगायचे? ‘ब्लू एंजल’ पाहून असा वाद कुणाच्या घरी होत नाही. राटचा पुतळा उभारावा, हे त्याच्या गावात कुणाच्या स्वप्नातही आले नसते.