नुसती सुपारीही जबडा आखडवते

तोंड न उघडण्याचे खापर दरवेळी अक्कलदाढेवर फोडता येत नाही. आणि ‘तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी’ हा दावा तर साफ चुकीचा आहे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजली की जबडा आखडतो खरा, पण अचानक, ठणकत आणि बहुधा एकाच बाजूने. स्वच्छता, गरजेपुरती प्रतिजैविके किंवा दाढ काढणे, एवढ्याने तो मोकळा होतो.

सुपारीचा विकार चोरपावलांनी येतो. आधी तिखट झोंबते. मग गालाचे आतले अस्तर पांढुरके, ताठ होते, बोटाला पट्टे लागतात आणि तीन बोटे मावणाऱ्या तोंडात दोनही मावत नाहीत. सुपारीतील अरेकोलिनमुळे अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साचत जातात. तंबाखू असो वा नसो. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या विकाराचे वर्णन केले होते. वसईच्या वाड्यांत पोफळी आणि पानवेली पिढ्यानपिढ्यांच्या. ओटीत, विड्यात मानाने असणाऱ्या सुपारीवर संशय घ्यायला मन धजत नाही, हे समजण्यासारखे आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण नुसती सुपारी सहज मिळते.

उपचारांत सुपारी कायमची सोडणे पहिले. त्याबरोबर जबड्याचे रोजचे व्यायाम आणि गालात स्टेरॉइडची इंजेक्शने. फारच आखडल्यास शस्त्रक्रिया. गेलेली लवचिकता पूर्ण परतत नाही. काहींत पुढे कर्करोग होतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दंतवैद्याला दाखवावा.

— एक वाचक, वसई