सारा घेताना नाव, मेल्यावर आकडा

जासईस दर वर्षी जानेवारीत गावोगावचे शेतकरी जमतात आणि पाच नावे घेतात. नामदेव शंकर घरत, रघुनाथ अर्जुन ठाकूर, महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील, कमळाकर कृष्णा तांडेल. १९८४ सालच्या १६ व १७ जानेवारीस, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी उभा राहिला तेव्हा, ही माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी पडली. या गोष्टीस चाळीस वर्षे होऊन गेली, तरी 'पाच जण मेले' एवढ्यावर तेथे कोणी भागवीत नाही. मेलेल्याचा मान कसा राखावा हे जासईच्या शेतकऱ्यास कोणा पंडिताने शिकविलेले नाही. ज्या घरचे माणूस गेले त्या घरचे नाव घ्यावे, एवढे त्यास उपजतच कळते.

हे सरकारास आणि इतिहास लिहिणारांस का कळू नये, असा आमचा सवाल आहे.

१९१४ च्या महायुद्धात रत्नागिरी, कुलाबा, सातारा या मुलखांतून शेतकऱ्यांची पोरे पलटणीत गेली. त्यांची आठवण म्हणून सरकारने कित्येक गावांत दगडी पाट्या बसविल्या. त्यांवर मजकूर काय? या गावातून अमुक इतके लढाईवर गेले, पैकी अमुक इतके कामास आले. बस्स, संपले! धनगर संध्याकाळी मेंढरे मोजतो तो तरी एकेकीस ओळखून मोजतो. वाचकहो, याच सरकारची दुसरी वही आठवा. सारा वसूल करताना नाव, बापाचे नाव, सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, सारे बिनचूक लिहिलेले असे. आणा थकला तरी तलाठी नावानिशी हाक मारी. तोच माणूस बसऱ्याकडे मेला की त्याचे नाव कोठे गेले? तेथे त्याचा आकडा झाला.

बसऱ्याचेच पाहा. १९२९ साली तेथे मोठे स्मारक उघडले. मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर ठाऊक नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांचे ते स्मारक. गोरा साधा शिपाई असला तरी त्याचे नाव दगडावर कोरले. आमचा सुभेदार-जमादार असला तर त्याचेही कोरले. पण आमचा नाईक, हवालदार, शिपाई? पलटणीचे नाव आणि खाली 'इतर इतके'. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत त्यांनी उपास काढले. घोड्याचे मांस धर्मास वर्ज्य म्हणून कित्येकांनी ते शेवटपर्यंत दूर सारले व हिरड्या सुजून, रक्त ओकून झिजले. शरण गेल्यावर वाळवंटातून पायी हाकलले गेले आणि वाटेत मेले. हे सारे 'इतर इतके' या दोन शब्दांत!

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच २०२१ साली चौकशी करून कबूल केले की निदान १,१६,००० माणसांची, बहुतेक पूर्व आफ्रिकी व इजिप्शियन, नावाने आठवण ठेवलीच गेली नाही. आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाईल. विलायतेच्या पार्लमेंटात माफीही मागितली गेली. शंभर वर्षांनी का होईना, त्यांना लाज वाटली. आमच्या पुढाऱ्यांना वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

काही शहाणे विचारतात, पगारासाठी इंग्रजाकडून लढलेल्यांचे कौतुक कशाला? आम्ही कौतुक मागत नाही, नाव मागतो. आणि पगारासाठी म्हणाल तर पेशव्यांच्या पागेत कोण फुकट राबत होते? दुष्काळ, सावकार आणि सारा या तिघांनी मिळून जे पोर घराबाहेर काढले, त्याने पलटणीची वाट धरली. ही त्याची बेइमानी नव्हे. कचेरीत खर्डेघाशी करून इंग्रजाचाच पगार खाणारांची चरित्रे छापली जातात, त्यांस हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आमच्याच जिल्ह्यातला माणगाव तालुक्याचा नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडला. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याचे नाव राहिले, हे योग्यच झाले. पण त्या दिवशी शत्रूच्या तोफखान्यापुढे नव्हे, अगदी हातभर अंतरावरच्या मशीनगनपुढे, त्याच्या तुकडीतला तो सोडून झाडून सारा माणूस मेला किंवा जखमी झाला. त्यांची नावे शाळेतल्या किती पोरांना सांगता येतील? शिपायांमागून गेलेल्या भिस्ती, मोची, लोहार, धोबी यांची तर गोष्टच सोडा.

लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या सव्वातीन लाखांच्या आसपास शिपायांच्या नोंदवह्या पडून होत्या. त्या २०२१ साली लोकांपुढे आल्या आणि नातवंडांना आजोबांचे गाव-नाव सापडले. आमच्या मुलखाच्या वह्या कोणी शोधावयाच्या? सरकारी समितीची वाट पाहिली तर आणखी शंभर वर्षे जातील. म्हणून येत्या जानेवारीस जासईस येणाऱ्या प्रत्येकास आमची विनंती आहे की, घरच्या पेटीतले पेन्शनचे चोपडे, पलटणीचा कागद, आजीच्या तोंडची आठवण, जे असेल ते आपल्या ग्रामपंचायतीत नेऊन लिहून घ्यावे. आणि १९१४ च्या लढाईचे चांदीचे पदक कोणाकडे असेल तर सोनाराकडे देण्याआधी त्याची कड उजेडात धरून पाहावी. तेथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते.