घरात सांगू नका, म्हणतो तोच ठग
घोटीशेजारच्या इगतपुरीत एका रिसॉर्टमध्ये थाटलेले बेकायदा कॉल सेंटर सीबीआयने ऑगस्ट २०२५मध्ये उघडकीस आणले. ॲमेझॉनचे कर्मचारी असल्याची बतावणी करून तिथून परदेशातील नागरिकांना लुबाडले जात होते. तिकडचे लोक फसतात, तर घोटीच्या बाजारात भात विकून चार पैसे खात्यात ठेवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना दोष कसला द्यायचा? ठग आधी भीती घालतो, मग घाई करतो आणि शेवटी बजावतो, ‘घरात कुणाला सांगू नका.’ हे शेवटचे वाक्यच सर्वांत घातक. एकटा पडलेला माणूस ठग सांगेल ते करतो. फोनवर ज्या ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी दिली जाते, तसे कायद्यात काहीही नाही. फसलेल्याला घरच्यांनी टोमणे मारू नयेत. लाजेपोटी तो गप्प बसतो, तोवर पैसे चार खाती ओलांडतात. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा, बाकीचे नंतर बोलू.