शासकीय सेवा आणि सायंकाळचा दवाखाना

सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपले अनेक वैद्यबंधू-भगिनी आज शासकीय सेवेत आहेत. कोणी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहेत, कोणी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, कोणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात, तर कोणी १०८ रुग्णवाहिकेवर. यांपैकी काहींचा सायंकाळी खासगी दवाखानाही चालतो. या विषयावर आपण खासगीत पुष्कळ बोलतो, सभेत मात्र मौन पाळतो. हे मौन आता सोडले पाहिजे.

प्रश्न जुनाच आहे. इंग्रजी अमदानीत सिव्हिल सर्जनला खासगी रुग्ण पाहण्याची मुभा असे. १९४६ साली भोर समितीने शासकीय डॉक्टर पूर्णवेळ वेतनी असावेत व त्यांना खासगी व्यवसायास मनाई असावी, अशी शिफारस केली. ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करताना तज्ज्ञांना खासगी व्यवसाय चालू ठेवू दिला. केरळने २००९ साली वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांवर बंदी घातली. आरोग्य सेवेतील डॉक्टरांना मात्र कामाच्या वेळेनंतर निवासस्थानी रुग्ण पाहण्याची सवलत ठेवली. महाराष्ट्राने २०१२ साली सार्वजनिक आरोग्य विभागातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना खासगी व्यवसायास बंदी करून मूळ वेतनाच्या ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता लागू केला.

तेव्हा जो हा भत्ता घेतो, त्याच्यापुरता वाद उरत नाही. भत्ताही घ्यायचा आणि दवाखानाही चालवायचा, हे एकाच वस्तूचे दोनदा मूल्य घेणे आहे. पत्नी स्वतः वैद्य असून स्वतः रुग्ण पाहत असेल, तर तो तिचा स्वतंत्र व्यवसाय होय. पाटीवर नाव तिचे आणि नाडीवर हात यांचा, हा प्रकार मात्र सर्वांना समजतो.

कंत्राटी सहकाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. ठरावीक मुदतीचा करार, ठोक मानधन आणि निवृत्तिवेतनाची शाश्वती नाही, अशा स्थितीत दवाखाना हाच त्यांच्या संसाराचा खरा आधार असतो. त्यांच्याकडून पूर्णवेळ निष्ठा हवी असेल, तर शासनाने तिचे मूल्य द्यावे. अन्यथा कामाच्या वेळेबाहेरील व्यवसायाची परवानगी करारातच स्पष्ट लिहावी. संदिग्ध कराराचा भार नेहमी दुर्बल बाजूवर पडतो.

तथापि खरी हानी घड्याळापेक्षा रुग्णाच्या वाटेत आहे. सकाळी केंद्रात आलेल्या रुग्णास ‘सायंकाळी दवाखान्यात या, नीट पाहतो’ असे सांगितले जाते, तेथे सेवेचा व्यापार होतो. मिरजेत १८९४ पासून वानलेस रुग्णालय आहे, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील रुग्ण दुसरे दार ठोठावू शकतो. जत-आटपाडीच्या माळावर किंवा पाटण-जावळीच्या खोऱ्यात तसे नाही. तेथे वैद्याचा शब्द मोडण्याची रुग्णाची ताकद नसते. रोजगार बुडवून, एस.टी.चे भाडे मोडून तो पुन्हा येतो आणि विनामूल्य मिळायचे तेच विकत घेतो.

यावर असे म्हटले जाते की, दुर्गम भागात सायंकाळचा दवाखाना बंद झाला, तर रात्री तापलेले मूल कोठे न्यावे? शंका रास्त आहे. पण वैद्यकीय अधिकाऱ्याने मुख्यालयी राहावे, हा नियम त्याच रात्रीसाठी आहे. राहण्याजोगे निवासस्थान मात्र शासनाने द्यावे, आणि ही मागणी संघटनेने जोराने केली पाहिजे.

औषधालयाच्या मालकांनाही एक विनंती आहे. केंद्रात औषध शिल्लक नसेल, तर बाहेरचे लिहून देणे भाग पडते. परंतु ते शिल्लक असता चिठ्ठी ठरावीक दुकानी जाते आणि महिनाअखेर हिशेब होतो, तेव्हा त्या पापात दुकानदारही भागीदार असतो. देणारा नसेल, तर घेणाराही उरणार नाही.

माझ्या मते संघटनेने तीन गोष्टी ठरावाने स्वीकाराव्यात. भत्ता घेणाऱ्या सभासदाने दवाखाना बंद करावा. कंत्राटी सभासदांसाठी लेखी परवानगी अथवा भत्ता मागावा. आणि केंद्रात पाहिलेला रुग्ण कोणत्याही सभासदाने स्वतःच्या दवाखान्यात बोलावू नये. बाहेरून कारवाईची वेळ येण्याआधी आपणच नियम घालून घेणे शोभून दिसेल. चिकित्सेला विक्रीची वस्तू करणाऱ्या वैद्याचा चरकाचार्यांनी निषेध केला आहे. त्यांचे नाव आपण प्रत्येक समारंभात घेतो. त्यांची ही शिकवण ठरावाच्या वेळीही स्मरावी.