अर्धं इंटरनेट नको

तारापूर एमआयडीसीतली दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. कामगार बोईसरच्या चाळींतल्या खोल्यांवर परततात आणि भात शिजेपर्यंत गावाकडे व्हिडिओ कॉल लावतात. एका खोलीत चार-पाच जण. कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा, कुणी नंदुरबारचा. पडद्यावर कुणाची आई दिसते, कुणाचं नुकतंच रांगायला लागलेलं बाळ. रिचार्ज एकदा मारलं की या कॉलचे निराळे पैसे पडत नाहीत.

हे आपोआप घडलेलं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा, चढा दर लावायचं जाहीर केलं होतं. लोक खवळले आणि काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. इंटरनेटची तटस्थता म्हणतात ती हीच. डेटाचे पैसे तुम्ही भरलेत. आता त्यातून आईशी बोला, पिक्चर बघा, नाहीतर सातबारा काढा. तार टाकणाऱ्याने त्यात नाक खुपसायचं नाही, कुणाला पुढे काढायचं नाही, कुणाला अडवून ठेवायचं नाही.

यावर पहिला आक्षेप आमच्याच भागात शोभेल असा आहे. कारखान्याला विजेचा दर वेगळा, घराला वेगळा. मग सगळ्या डेटाला एकच दर हा हट्ट कशाला? उदाहरण चांगलं आहे, म्हणूनच ते शेवटपर्यंत नेलं पाहिजे. औद्योगिक आणि घरगुती हा फरक महावितरण आपल्या मर्जीने करत नाही, राज्य वीज नियामक आयोग तो ठरवतो. शिवाय तो फरक ग्राहकाच्या वर्गाचा असतो. अमुक कंपनीचा पंखा लावला तर वीज फुकट, तमुक कंपनीचा लावला तर पूर्ण दर, असं बिल कुणाच्या घरी येत नाही. एप्रिल २०१५ मधली ‘एअरटेल झीरो’ योजना मात्र अशीच होती. ज्या ॲपची कंपनी पैसे भरेल ते ग्राहकाला फुकट, बाकीच्यांना मीटर चालू. लोकांचा रोष पाहून फ्लिपकार्टने त्यातून अंग काढून घेतलं. पालघरच्या एखाद्या मुलीने उद्या सातपाटीची मासळी थेट विकणारं ॲप काढलं, तर ते चांगलं की वाईट हे गिऱ्हाइकाने ठरवावं. दूरसंचार कंपनीला पैसे मोजण्याची तिची ऐपत आहे का, यावर ते ठरता कामा नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो गरिबांच्या नावाने केला जातो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं फुकट मिळालं तर तुमचं काय बिघडतं? फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ भारतात आणलं, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे त्याचंच नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी भारतातल्या इंग्रजी वृत्तपत्रात लेख लिहून या योजनेची बाजू मांडली आणि दाखला दिला तो महाराष्ट्रातल्याच गणेश नावाच्या शेतकऱ्याचा. त्याला हवामान कळलं, बाजारभाव कळले, आता तो नव्या पिकांत पैसा घालतो आहे.

गणेशला हवामान कळलं याचा मला आनंदच आहे. पण त्याला एवढंच पुरे, हे ठरवलं कुणी? फुकट मिळणाऱ्या साइट्सच्या यादीत येण्याच्या अटी एका परदेशी कंपनीने घातल्या होत्या. व्हिडिओ आणि इंटरनेटवरचे कॉल त्यांत बसत नव्हते. बोईसरच्या खोलीतला कॉल तिथेच संपला असता. आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराचं बघा. त्याला वाऱ्याचा अंदाज हवा, पापलेटचा भाव हवा, हे कुणीही सांगेल. पण जून २०२४ मध्ये केंद्राने याच किनाऱ्यावरचं सुमारे ७६ हजार २०० कोटींचं वाढवण बंदर मंजूर केलं, तेव्हा त्याला आणखी काय काय लागलं? पर्यावरण अहवालाची जाडजूड फाइल, कोर्टाचे आदेश, मोर्च्याचं थेट प्रक्षेपण, विरोधकांची भाषणं आणि समर्थकांचीही. यातलं काय कुठल्या ‘मूलभूत’ यादीत असतं? माणसाला उद्या कशाची गरज पडेल हे त्याचं त्यालाही आज ठाऊक नसतं. गरिबाची गरज लहानच असणार, हे गृहीतकच मला अपमानकारक वाटतं.

आणि इतिहासानेही या आक्षेपाला उत्तर दिलं आहे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने भेदभावाचे डेटा दर बंद केले. मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख दंड. गरीब आता कायमचा ऑफलाइन राहणार, असं तेव्हा म्हटलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, दरयुद्ध पेटलं आणि पूर्ण इंटरनेट इतकं स्वस्त झालं की अर्ध्याची गरजच उरली नाही. त्या दरयुद्धात बऱ्याच कंपन्या बुडाल्या आणि आज बाजार दोन-तीन हातांत आला, हेही खरं. पण दुकानं कमी झाली की वजनकाट्यावरची नजर जास्त कडक ठेवायची असते.

आता नवा सूर लागला आहे, ‘रास्त वाट्या’चा. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आमच्या तारा भरून टाकतात, त्यांनी खर्चाचा भार उचलावा, असं दूरसंचार कंपन्या म्हणतात. ऐकायला हे तारापूरच्या सांडपाण्यासारखं वाटतं. जो जास्त सोडेल त्याने जास्त भरावं. पण व्हिडिओ कुणी आपल्या घरात सोडत नाही, आपण तो मागवतो आणि मागवण्याचे पैसे रिचार्जमध्ये आधीच भरलेले असतात. एकाच मालासाठी दोन्ही टोकांना वसुली करायची ही मागणी आहे. दक्षिण कोरियात पाठवणाऱ्याच्या बाजूने पैसे घेण्याची पद्धत रुजली. तिथला जाळ्याचा खर्च परवडत नाही असं सांगत व्हिडिओ थेट दाखवणाऱ्या ट्विचने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडला.

कारखान्यातल्या वायुगळतीची सूचना आणि सिनेमा एकाच रांगेत का, असंही विचारतात. ते नाहीतच. विशेष सेवा आणि आणीबाणी यांना भारतीय नियमांत सूट आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तटस्थतेने आमच्या जव्हार-मोखाड्यात टॉवर उभे राहत नाहीत. रेंजसाठी टेकडी चढणाऱ्या पोराला हा सगळा वाद परका वाटला, तर चूक त्याची नाही. त्यासाठी सरकारी निधी वेगळा आहे, तो तिथे खर्च झाला पाहिजे आणि त्यासाठी भांडलं पाहिजे. पण ती लढाई या लढाईच्या आड येत नाही.

बोललेलं पोचण्याचं मोल पालघरला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी इथल्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या लाइक केल्या आणि दोघींना अटक झाली. त्या अटकेने हादरून दिल्लीतल्या एका तरुणीने केलेल्या ‘श्रेया सिंघल’ याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं, २४ मार्च २०१५ रोजी. तीनच दिवसांनी, २७ मार्चला, ट्रायने इंटरनेटच्या तटस्थतेविषयीचं ते चर्चापत्र काढलं ज्यावर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. एका आठवड्यात दोन दारांचा प्रश्न आला. बोलल्यावर पोलिस येतील का, हा पहिला. बोललेलं पोचू द्यायचं की नाही हे कंपनी ठरवेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर न्यायालयाने राज्यघटनेतून दिलं. दुसऱ्याचं उत्तर अजून नियामकाचे नियम आणि जुलै २०१८ च्या सरकारी मंजुरीनंतर परवान्यांत आलेल्या अटी यांच्यावरच टेकलेलं आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तटस्थतेचं कलमच नाही.

असं टेकलेलं उत्तर किती टिकतं ते अमेरिकेने दाखवलं. २०१५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने तटस्थता लागू केली, २०१७ मध्ये काढली, २०२४ मध्ये पुन्हा आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती पाडली. आपल्या कायद्यात दुरुस्ती करून एक कलम घालावं लागेल, आणि ते काम संसदेचं आहे. पालघरच्या खासदारांकडे लोकलच्या फेऱ्या मागायला जाणाऱ्या शिष्टमंडळांनी निवेदनात ही मागणीही लिहावी.