दूरच्या नात्यांची यादी

परदेशी राहणारी मुले-नातवंडे हल्ली हौसेने लाळेची डीएनए चाचणी करून घेतात. काही आठवड्यांनी अनोळखी ‘नातेवाइकां’ची लांबलचक यादी हाती येते आणि यवतमाळ, दारव्हा किंवा वणी येथे राहणाऱ्या आजी-आजोबांना फोन जातो : “हे आडनाव आपल्यात कुणाचे?” उत्तर आठवत नाही. वारंवार असे झाले की, आपली स्मरणशक्तीच ढासळली, अशी धास्ती वृद्धांच्या मनात बसते. वस्तुतः दोष बहुधा यादीच्या स्वरूपात असतो.

डीएनए आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा येतो आणि प्रत्येक पिढीत त्याची पुन्हा वाटणी होते. आजोबा-आजी एकच असलेल्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए समान असतो. पणजोबा-पणजी एकच असतील तर सुमारे ३ टक्के आणि खापरपणजोबा-खापरपणजी एकच असतील तर १ टक्क्याहूनही कमी. आणखी एक पिढी मागे गेल्यास खऱ्या नात्यातील जवळपास निम्म्या जोड्यांत मोजण्याजोगा समान तुकडा उरतच नाही.

आपल्याकडे हा गुंता अधिक वाढतो. पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत सोयरिकी झाल्या. अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची रीत आहे. त्यामुळे दोन माणसे अनेक वाटांनी एकमेकांच्या नात्यात असतात. लहान-लहान तुकड्यांची बेरीज फुगते आणि दूरचा माणूस जवळचा भासतो. अशा वेळी एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब सलग तुकडा किती मोठा आहे, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. शिवाय विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, कित्येकींचे नावही बदलते. आजीच्या माहेरचा धागा तिथेच तुटतो.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र या यादीपेक्षा घरातील माहितीच मोलाची असते. एक वही घ्यावी. आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी यांपैकी कोणाला मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात किंवा कर्करोग झाला आणि कोणत्या वयात, हे लिहावे. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, अथवा आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

विदर्भात सिकलसेलची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. घरात एक जरी रुग्ण किंवा वाहक आढळला, तरी सख्ख्या भावंडांची आणि लग्नाच्या वयातील मुला-मुलींची रक्ततपासणी करून घ्यावी.

वृद्धांना विचारताना उलटतपासणी नको. सकाळच्या प्रसन्न वेळी, जुना फोटो समोर ठेवून, पंधरा-वीस मिनिटेच बोलावे. एखादी जुनी गोष्ट सांगायची त्यांची इच्छा नसेल, तर आग्रह धरू नये.

खापरपणजोबांच्या भावाचे नाव न आठवणे हा आजार नव्हे. मात्र मुलांची नावे विसरणे, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे असे घडू लागले, तर चाचणीची यादी बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.