परतीची तार

मोटार बाळगणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. एक वर्ग मोटारीत बसतो आणि दुसरा मोटारीखाली निजतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले एक सेवानिवृत्त गृहस्थ या दुसऱ्या वर्गातले. त्यांची प्रिमिअर पद्मिनी म्हणजे आमच्या उपनगरांची लेकच. जवळच कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या जन्मल्या. आधी फियाट म्हणून, आणि १९७० नंतरच्या दशकात पद्मिनी हे राणीचे नाव घेऊन. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. ही मात्र अजून दिवाळीत नातवंडांना घेऊन बाहेर पडते.

पद्मिनीचा मूळ फ्युएल पंप यांत्रिक. तो इंजिनालाच लगटून बसविलेला असतो. इंजिन फिरले की कॅमशाफ्ट त्याची दांडी हलविते, आतला पडदा खालीवर होतो आणि टाकीतले पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ओढले जाते. खोड एवढीच, की उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीने पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच ओढीत बसतो आणि ऐन घाटात गाडी मान टाकते. मग पंपावर ओले फडके ठेवावयाचे!

या फडक्याला कंटाळून गृहस्थांनी विजेवर चालणारा पंप आणला व मागे टाकीजवळ स्वहस्ते बसविला. पंप निवडला तोही विचारपूर्वक. कार्ब्युरेटरला चौरस इंचास २ ते ४ पौंड दाब पुरतो. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांचा पंप लावला, तर पेट्रोल बाहेर सांडावयाचे.

दिवसा गाडी झकास चाले. रात्री दिवे लावले, की थोड्याच वेळात आचके देऊ लागे. गृहस्थांनी फ्यूज बदलला, फिल्टर बदलला, शेवटी पंपही बदलला. मीटरवर तर १२ व्होल्ट स्वच्छ दिसत!

अखेर वायरिंगवाल्या मिस्त्रीला बोलावले. त्याने विचारले, "काका, मीटर लावला तेव्हा पंप चालू होता का?"

"नाही रे, तार सोडवून पाहिली."

"मग बारा दाखवणारच. वाहतुकीची कोंडी पाहायची तर रस्त्यावर वाहतूक नको का?"

त्याने पंप चालू ठेवला, दिवे लावले आणि पंपाच्या दोन्ही टोकांवर मीटर धरला. व्होल्ट भरले ९. मग एक टोक पंपाच्या परतीच्या तारेला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. तेथे जवळपास शून्य दिसावयास हवे होते; दिसले ३. हरवलेले तीन व्होल्ट सापडले!

"काका, करंट जातोय, पण परत येत नाही."

परतीची तार मागच्या दिव्याच्याच स्क्रूखाली, रंगविलेल्या व गंजलेल्या पत्र्यावर आवळली होती. एकट्या पंपापुरता तो जोड कसाबसा पुरे. दिव्यांची वीजही त्याच वाटेने परतू लागली, की वाट तुंबे. मिस्त्री मंडळी या जोडाला 'अर्थ' म्हणतात. मराठीच्या मास्तराला हा शब्द फार आवडला. शब्द सगळे जागच्या जागी, पण वाक्यात अर्थ नाही!

मिस्त्रीने आधी बॅटरी सोडविली, कारण पेट्रोलच्या वासात ठिणगी नको. मग पत्रा चकाकेपर्यंत घासून पंपाला स्वतंत्र अर्थ दिला. गाडी सुधारली. पण तो उठेना. "काका, अपघात झाला नि इंजिन बंद पडलं, तर हा पंप कोण थांबवणार?"

गृहस्थ गप्प झाले. जुना पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबे. नवा मात्र किल्ली चालू आहे तोवर पेट्रोल ढकलीतच राहणार, मग नळी तुटलेली असो की इंजिन तापलेले असो. आणि मागच्या सीटवर नातवंडे! कारखान्यातून येणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिन थांबताच पंपाची वीज तोडण्याची सोय असते. येथे ती करावी लागली. मिस्त्रीने रिले बसवून अशी जोडणी केली, की स्टार्टर फिरताना किंवा इंजिनात तेलाचा दाब असतानाच पंपाला वीज मिळावी. बॅटरीजवळ योग्य फ्यूजही घातला.

सुधारणा जरूर करावी. पण जुनी वस्तू काढण्यापूर्वी, ती न बोलता आणखी कोणकोणती कामे करीत होती याची यादी करावी. जुन्या पंपाला परतीची तार लागत नव्हती आणि थांबण्याचा हुकूमही लागत नव्हता. नव्याला दोन्ही लागतात. तेव्हा या दिवाळीत कुणाच्या मोटारीला घरचा हात लागला असेल, तर प्रवासाला निघण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्या. किल्ली चालू ठेवा, इंजिन मात्र सुरू करू नका, आणि कान द्या. पहिले काही क्षण सोडून पंप गुणगुणतच राहिला, तर प्रवास राहू द्या आणि आधी मिस्त्रीला बोलवा.